सर्वांत कमी घाताची पदं

आरंभबिंदूपाशी वक्राच्या स्पर्शिका काढायच्या असतील तर समीकरणातली सर्वांत कमी घाताची पदं उचलायची आणि शून्याबरोबर मांडायची. दोन वेगवेगळ्या स्पर्शिका मिळाल्या की तो बिंदू नोड, म्हणजे शाखा एकमेकींना छेदतात ती जागा; दोन्ही एकच निघाल्या की कस्प, म्हणजे अणकुचीदार टोक. हे मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. कर्व्ह ट्रेसिंगचा धडा आला की आधी सममिती, मग आरंभबिंदू, मग स्पर्शिका, मग असिम्प्टोट या क्रमानं मुलं वह्या भरतात. पाच मार्कांचा हमखास प्रश्न असतो आणि बहुतेकांना तो येतोही. असंच का करायचं, हे मला एकाही मुलानं कधी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नव्हतं. मला शिकवणाऱ्या बाईंनी ते वाक्य असंच सांगितलं होतं, त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार.

त्या वाक्याचा अर्थ मला कुलाब्याला, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, एका डिसेंबरातल्या दुपारी कळला. तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं.

मी कराडकडच्या एका कॉलेजात गणित शिकवते. पीएच.डी. क्रमनिरपेक्ष बीजगणितात केली, म्हणजे आम्ही ज्याला कम्युटेटिव्ह अल्जिब्रा म्हणतो त्यात. शेवटचा पेपर छापून येऊन अकरा वर्षं झाली होती. बैजिक भूमितीवरची, म्हणजे बहुपदी समीकरणांतून मिळणाऱ्या आकारांच्या अभ्यासावरची, दोन आठवड्यांची कार्यशाळा आहे, विषय सिंग्युलॅरिटींचं निरसन, म्हणजे आकार जिथे स्वतःला छेदतो किंवा टोकदार होतो त्या गाठी सोडवणं, असं कळलं तेव्हा मी तीन दिवस अर्ज नुसता उघडून बघत होते. पहिल्या आठवड्यात सकाळी व्याख्यानं आणि दुपारी सोडवणुकीचं सत्र, दुसऱ्या आठवड्यात संशोधकांची भाषणं. अर्ज भरला, निवड झाली. मग रजेचा अर्ज दिला, तेव्हा कॉलेजातून पहिला प्रश्न आला, "याचा नॅकला काय उपयोग?" नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी अर्धी रजा ड्युटीची आणि अर्धी माझ्या खात्यातली, असं ठरलं. मला तेही चाललं असतं आणि बिनपगारी रजाही चालली असती.

नेव्ही नगरची बस शेवटाकडे येते तशी मुंबई हळूहळू आवाज टाकत जाते. फाटकावर ओळखपत्र दाखवून आत गेलं की हिरवळ, चाफ्याची झाडं आणि पलीकडे समुद्र. मुख्य इमारतीत शिरताना समोरच्या भिंतीवर हुसेन यांचं भलंमोठं चित्र आहे. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. चित्र बघत होते हे खरं, पण आत जायला पाय उचलत नव्हता हेही खरं. बाजूनं पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलं हातात चहाचे कप घेऊन स्टॅक आणि शीफ असल्या गोष्टी बोलत चालली होती आणि त्यांच्या वाक्यांतले निम्मे शब्द मी फक्त पुस्तकांच्या पाठपानांवर वाचलेले होते.

पहिले दोन दिवस नुसतं लिहून घेतलं. कळेल तेवढं कळलं. तिसऱ्या दुपारच्या सत्रात एक वयस्क प्राध्यापक आले. त्यांनी फळा स्वतः पुसला, ओल्या फडक्यानं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग खडूनं एक वक्र काढला. डावीकडे एक पाकळी, उजवीकडे दोन फाटे, मधोमध आरंभबिंदूवर दोन्ही शाखा एकमेकींना छेदतात. खाली समीकरण लिहिलं: वायचा वर्ग बरोबर एक्सचा वर्ग गुणिले कंसात एक्स अधिक एक. माझा जीव एकदम भांड्यात पडला. हा वक्र मी ओळखत होते. हा तर दरवर्षी भेटणारा नोड होता.

ते म्हणाले, ही गाठ सोडवायची. कापायची नाही, सोडवायची. आरंभबिंदूतून जाणारी प्रत्येक रेषा तिच्या चढावरून ओळखू येते. तर आरंभबिंदू हा एकच ठिपका काढून टाकू आणि त्या जागी सगळ्या चढांची एक आख्खी रेषा बसवू. ज्या चढानं शाखा आत आली, त्या चढाच्या जागी ती रेषेवर उतरेल. करायचं एवढंच, की वायच्या जागी टी गुणिले एक्स लिहायचं, टी म्हणजे चढ. डाव्या बाजूला टी वर्ग एक्स वर्ग, उजव्या बाजूला एक्स वर्ग गुणिले एक्स अधिक एक. दोन्हीकडचा एक्स वर्ग काढून टाका. उरलं काय? टीचा वर्ग बरोबर एक्स अधिक एक.

हा पॅराबोला आहे. त्याला कुठेही गाठ नाही. एक्स शून्य केला की टी येतो अधिक एक आणि उणे एक. जिथे दोन शाखा एकाच ठिपक्यावर एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या, तिथे आता त्या दोन वेगळ्या जागी शांतपणे उभ्या आहेत. याला ब्लो-अप म्हणतात. शब्द मी हजारदा वाचला होता, व्याख्या मला पाठ होती.

मग मी वहीत पाहिलं आणि हात थांबला. अधिक एक आणि उणे एक हे तर त्या दोन स्पर्शिकांचे चढ. एक्स वर्गानं भागलं की सर्वांत कमी घाताच्या पदांतला एक्स पूर्ण निघून जातो. त्यांच्याहून मोठ्या घाताच्या प्रत्येक पदात मात्र एखादा तरी एक्स शिल्लक राहतो. मग एक्स शून्य केला की ती मोठी पदं सगळी नाहीशी होतात आणि उरतात फक्त सर्वांत कमी घाताची. म्हणून ती शून्याबरोबर मांडायची. म्हणून! फळ्यावरचं माझं एकोणीस वर्षांचं वाक्य म्हणजे ब्लो-अपची पहिली पायरी होती. तिच्या पुढे दुसरी पायरी आहे हे न सांगता मी ती शिकवत होते. संशोधनाच्या भाषेत त्या स्पर्शिकांना मिळून टॅन्जन्ट कोन, म्हणजे स्पर्शिकांचा शंकू, म्हणतात, आणि कार्यशाळेच्या पत्रकावर हा शब्द दुसऱ्याच ओळीत छापलेला होता.

माझे डोळे भरून आले होते. शेजारी नांदेडकडची एक मुलगी बसली होती, पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना?" मी तिला वही दाखवली. तिनं वाचलं आणि म्हणाली, "आम्हाला हे असं कुणी सांगितलंच नाही. आम्ही सरळ स्कीमपासूनच सुरुवात केली." म्हणजे मला खालचा मजला माहीत होता आणि तिला वरचा. जिना दोघींनाही त्याच दुपारी दिसला.

कस्पचं त्याहून सोपं. वाय वर्ग बरोबर एक्स घन. तीच युक्ती केली की टी वर्ग बरोबर एक्स, पुन्हा पॅराबोला. पण वाय वर्ग बरोबर एक्सचा पाचवा घात घेतला तर पहिल्या फेरीनंतर कस्पच हाती येतो आणि आणखी एक फेरी लागते. खरा प्रश्न इथे सुरू होतो. दर फेरीला गाठ थोडी तरी सैल होते, आणि कधीतरी ही फेऱ्यांची माळ संपते, हे सिद्ध कसं करायचं? वक्रांसाठी हे एकोणिसाव्या शतकातच जमलं. पृष्ठभागांना चांगलाच वेळ लागला. ऑस्कर झारिस्की यांनी १९३९ मध्ये त्यांची शुद्ध बैजिक सिद्धता दिली आणि १९४४ मध्ये तीन मितींची. त्यांचे विद्यार्थी हेइसुके हिरोनाका यांनी १९६४ मध्ये कितीही मिती असल्या तरी गाठी सुटतात हे दाखवलं. तो पेपर दोनशेहून जास्त पानांचा आहे. त्यासाठी त्यांना १९७० मध्ये फील्ड्स पदक मिळालं. पण हे सगळं आपल्या ओळखीच्या संख्यांच्या राज्यात, जिथे एकात एक कितीदाही मिळवला तरी शून्य होत नाही.

चौथ्या दिवशी व्याख्यात्यांनी त्या राज्याबाहेर पाऊल टाकलं. सम आणि विषम एवढ्या दोनच संख्या आहेत असं समजा. विषम अधिक विषम सम. म्हणजे एक अधिक एक शून्य. याला कॅरॅक्टरिस्टिक दोन म्हणतात. दोनऐवजी तीन, पाच, सात, कोणतीही मूळ संख्या घेता येते. तिथेही बहुपदी आहेत, वक्र आहेत, पृष्ठभाग आहेत, गाठीही आहेत. फक्त चित्र काढता येत नाही.

रात्री खोलीवर बसून मी माझा नोड त्या राज्यात नेला. समीकरण तेच, वाय वर्ग बरोबर एक्स वर्ग अधिक एक्स घन. इथे उणे एक आणि अधिक एक एकच, म्हणून एक्स वर्ग डावीकडे नेला तरी चिन्ह बदलत नाही. वाय वर्ग अधिक एक्स वर्ग बरोबर एक्स घन. आणि इथे दोन एक्स वाय म्हणजे शून्य, त्यामुळे डावी बाजू हा एक्स अधिक वाय याचा पूर्ण वर्ग. एक्स अधिक वायला यू म्हटलं की यू वर्ग बरोबर एक्स घन. माझ्यासमोर कस्प होता. त्याच अक्षरांत लिहिलेलं तेच समीकरण, पण दोन स्पर्शिकांमधलं अंतर मिटलं होतं, कारण त्यांना वेगळं ठेवणारं अधिक-उणेच तिथे नव्हतं. खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता. मी ते तीनदा पडताळून पाहिलं. एवढं लहान गणित, पण ते मला माझ्या हातानं सापडलं होतं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी न्याहारीला हे मी कुणाला तरी सांगितलं तेव्हा समोरून एक शब्द आला: श्रीधराचार्य. मला आधी कळेना. मग कळलं आणि मी खाता खाता थांबले.

दहावीत पूर्ण वर्ग पद्धत शिकवतात. सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवायचा. भास्कराचार्यांच्याही आधीचे गणिती श्रीधर यांचा नियम त्याहून देखणा आहे, त्यात अपूर्णांक येतच नाहीत: अव्यक्ताच्या, म्हणजे अज्ञात संख्येच्या, वर्गाचा जो सहगुणक असेल त्याच्या चौपटीनं दोन्ही बाजूंना गुणा, मग अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा आणि मूळ काढा. श्रीधरांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. हा नियम आपल्यापर्यंत आला तो बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात त्यांचं नाव घेऊन उतरवून ठेवला म्हणून. आता तो कॅरॅक्टरिस्टिक दोनमध्ये वापरून पाहा. चौपट म्हणजे शून्य. दोन्ही बाजूंना शून्यानं गुणलं, हातात काहीच उरलं नाही. दहावीची पद्धत घ्या, तर निम्मं हवं. जिथे दुप्पट म्हणजेच शून्य, तिथे निम्मं आणायचं कुठून?

गाठी सोडवण्याच्या झारिस्की-हिरोनाका यांच्या मार्गावर ही पूर्ण वर्गाची युक्ती वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते. घात एन असेल तर एननं भागून दुसरं पद घालवायचं, म्हणजे एक मिती कमी करून तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो. एनला ती मूळ संख्या भागत असेल तर हा जिनाच तुटतो. इतका मोठा प्रश्न, आणि तो अडतो कुठे, तर दहावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात. हे ऐकून मला आमच्या वर्गातली मुलं आठवत होती, ज्यांना आम्ही "हे सोपं आहे, पुढे चला" असं सांगून पुढे ढकलतो.

इथे श्रीराम अभ्यंकरांचं नाव आलं नाही असं होऊच शकत नाही. माझ्यासाठी तरी त्या पंधरा दिवसांचा कणा तेच होते. जन्म १९३० चा, उज्जैनचा. वडील गणिताचे प्राध्यापक, बालपण ग्वाल्हेरला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि झारिस्कींचे विद्यार्थी झाले. आधी त्यांना एवढंच दिसलं, की पृष्ठभागांसाठीची जुनी एक वाट या परक्या राज्यात चालतच नाही. ती कुठे तुटते हे त्यांनी नेमकं दाखवलं. दुसरा कुणी तिथे थांबला असता. अभ्यंकरांनी नवी वाट काढली आणि १९५६ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कोणत्याही मूळ संख्येच्या राज्यात पृष्ठभागांच्या गाठी सुटतात हे छापून आलं. दहा वर्षांनी त्यांनी तीन मितींचंही केलं, दोन, तीन आणि पाच या मूळ संख्या सोडून. त्या उरलेल्या संख्यांसाठी व्हिन्सेंट कोसार आणि ऑलिव्हिए पिल्तां यांना २००८-०९ पर्यंत खपावं लागलं. चार मिती आणि त्यापुढचं आजही कुणाला माहीत नाही.

त्या तुटलेल्या वाटेतूनही काही उगवलं, हे मला अधिक भावलं. साध्या राज्यात सरळ रेषेवर दुसरा मजला चढवायचा, म्हणजे रेषेच्या प्रत्येक बिंदूवर दोन-दोन बिंदू असलेला एक सलग वक्र बसवायचा, तर कुठेतरी ते दोन बिंदू एक होऊन जोड द्यावाच लागतो. कॅरॅक्टरिस्टिक दोनमध्ये वाय वर्ग अधिक वाय बरोबर एक्स हे समीकरण पाहा. वायच्या अंगानं विकलन केलं की दोन वाय अधिक एक, म्हणजे नुसता एक. तो शून्य कधीच होत नाही, म्हणून प्रत्येक एक्सवर दोन वेगळे वाय, कुठेही जोड नाही. असे मजले किती आणि कसले चढवता येतात, याचा अंदाज अभ्यंकरांनी १९५७ मध्ये मांडला. मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर यांनी तो १९९४ मध्ये सिद्ध केला. सदतीस वर्षं.

अभ्यंकर आयुष्यभर सांगत राहिले की आपण करतो ते हायस्कूलचं बीजगणित. जगातले बहुतेक बैजिक भूमितीवाले अमूर्ताच्या उंच मजल्यांवर चालले होते तेव्हाही ते बहुपदी आणि घातश्रेणी हातांनी मळत राहिले. काही लोक याला हट्ट म्हणतात. मला तो हट्ट वाटत नाही. त्या राज्यात जिना तुटतो तो पूर्ण वर्गाच्या पायरीवर, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यानं त्याच पायरीवर बसायला हवं. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. आमच्याकडच्या शाळांतली ऑलिम्पियाडची मुलं आजही तिथे जातात. ते २०१२ मध्ये गेले. मी त्यांना पाहिलं नाही, आणि त्याची रुखरुख मला आहे.

भास्कराचार्यांचं नाव आलं म्हणून सांगते. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला आणि स्थानिक राजानं त्याला दान दिलं, असं त्यात कोरलं आहे. मी तो पाहिला तेव्हा सहलीची मुलं सोबत होती आणि घाई होती. कुलाब्याला परत परत तो आठवत राहिला. एका माणसाचं काम समजून घ्यायला दुसऱ्यांनी एकत्र बसावं, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय कुणीतरी करावी, ही कल्पना आपल्याकडे निदान आठशे वर्षं जुनी आहे.

दुसऱ्या आठवड्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यातलं फार मला कळलं नाही. पहिली पंधरा मिनिटं मी भाषणासोबत असायची, मग हात सुटायचा. पण एक गोष्ट पाहिली. ज्यांची पुस्तकं आम्ही वाचतो अशी माणसंही भाषणाच्या मध्येच हात वर करून विचारत होती, "हे एकदा उदाहरणावर दाखवता का?" आणि बोलणारा लगेच फळ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात एखादं साधं समीकरण लिहायचा, बहुतेकदा दोन किंवा तीन अक्षरांचं. सगळं सभागृह त्या कोपऱ्याकडे वळायचं. अशाच एका कोपऱ्यात मला कांगारू बिंदू भेटले. दर फेरीला गाठीचं मोजमाप कमी व्हायला हवं, पण मूळ संख्येच्या राज्यात कधी कधी ते अचानक उडी मारून वाढतं. अशा जागांना हेर्विग हाउझर यांनी हे नाव दिलं आहे. ती उडी पाहायला मी तीन पानं आकडेमोड केली आणि ती झाली तेव्हा मी मोठ्यानं "उडाला!" म्हणाले. नांदेडच्या मुलीनं टाळी दिली. तोवर तिच्यासाठी मी मॅडमची ताई झाले होते.

चहाच्या सुट्टीत जुने लोक जुन्या गोष्टी काढायचे. याच इमारतीत जानेवारी १९६८ मध्ये बैजिक भूमितीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांचे स्टँडर्ड कंजेक्चर्स, जे आजही उलगडलेले नाहीत, तिच्याच ग्रंथात पहिल्यांदा छापले गेले. त्याच ग्रंथात अभ्यंकरांचा पृष्ठभागांच्या गाठींवरचा लेख आहे, मायकेल आर्टिन आहेत, शेषाद्री आहेत, नरसिंहन आणि रमणन यांचं वक्रांवरच्या व्हेक्टर बंडलांचं काम आहे. त्याच हिवाळ्यात डेव्हिड मम्फर्ड इथे आबेली व्हरायटींवर शिकवत होते आणि टिपणं घेत होते सी. पी. रामानुजम, तेव्हा जेमतेम तिशीचे. त्या टिपणांतून झालेलं पुस्तक आजही जगभर वापरात आहे. बाहेरून येणाऱ्या मोठ्या गणितीनं शिकवायचं आणि इथल्या तरुणानं टिपणं लिहून काढायची, ही इथली जुनी रीत. टिपणं लिहिणारा त्यातूनच घडायचा. मला हे कळल्यापासून मी माझी वही नीट अक्षरात लिहू लागले. खाडाखोड न करता, समास सोडून, प्रत्येक पायरी.

शेवटच्या दिवशी ते वयस्क प्राध्यापक कॅन्टीनबाहेर भेटले. मी त्यांना कर्व्ह ट्रेसिंगचं आणि माझ्या वाक्याचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, उभ्या उभ्या एक समीकरण लिहिलं आणि म्हणाले, "हे कॅरॅक्टरिस्टिक दोनमध्ये करून पाहा. घाई नाही." झेड वर्ग बरोबर एक्स घन अधिक वायचा पाचवा घात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयना एक्स्प्रेसला खिडकी मिळाली. कर्जत गेलं, घाट चढला, पुणं आलं नि गेलं. झेडच्या जागी झेड गुणिले वाय, एक्सच्या जागी एक्स गुणिले वाय, मग वाय वर्गानं भाग. उरलं झेड वर्ग बरोबर एक्स घन गुणिले वाय, अधिक वाय घन. गाठ फक्त आरंभबिंदूवर, बाकी सगळं स्वच्छ. समोरच्या बाकावर एक आजोबा होते, मांडीवर पिशवी. जेजुरीच्या आसपास त्यांनी विचारलं, "पेपर तपासताय का, बाई?"

"नाही आजोबा, मीच सोडवतेय."

"मग चालू द्या," म्हणाले आणि त्यांनी पाय आक्रसून घेतले, मला वही टेकायला जागा व्हावी म्हणून.

दुसरी फेरी. पुन्हा तीच अदलाबदल, पुन्हा वाय वर्गानं भाग. झेड वर्ग बरोबर एक्स घन वाय वर्ग, अधिक वाय. मी सर्वांत कमी घाताची पदं शोधली. एकच होतं: वाय, पहिल्या घातात, एकटा. वायच्या अंगानं विकलन केलं तर दोनाचं पद नाहीसं होऊन नुसता एक उरतो. या तुकड्यात गाठ कुठेच नाही. मी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पण ब्लो-अपचा दुसरा तुकडा, वायऐवजी एक्सनं भागायचा, राहिला होता. तिथे झेड वर्ग बरोबर एक्स वर्ग वाय, अधिक एक्स वाय घन येत होतं आणि आरंभबिंदूवर गाठ अजून तशीच होती. कराडला अजून बराच वेळ होता. मी पान उलटलं.